गळ्यावर रंग नसलेला हमिंगबर्ड: मादी, पिल्लू की भलतंच काही?

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एकाच तऱ्हेचे फोटो पडायला लागतात. हिरवी पाठ, मळकट पांढरं पोट, गळा कोरा. खाली प्रश्न: "ही कोणती जात?" आणि त्याखाली चौघांची चार उत्तरं. मी राहतो सॅन फ्रान्सिस्को बे एरियात, पण विचारणारे न्यू जर्सीचे असतात, ऑस्टिनचे असतात, सिएटलचे असतात, आणि चूक सगळीकडे एकच होत असते: सगळे गळ्यापासून सुरुवात करतात.

पुस्तकात मोठं चित्र छापलेलं असतं ते प्रौढ नराचं. त्याचा गळा झगमगतो, त्याला ओळखायला कुणाची मदत लागत नाही. मादीकडे आणि त्या वर्षीच्या पिल्लांकडे नेमकी तीच खूण नसते. म्हणून गळा शेवटी. आधी तारीख, पत्ता, कूस आणि शेपटी. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय: बसल्या जागी, फुकटात होणारे तपास आधी, कॅमेरा आणि चिकाटी लागणारे नंतर, आणि कुठे थांबायचं ते शेवटी.

लक्षणं: तुमची अडचण यातली कुठली?

- फीडरवर (साखरपाण्याच्या टांगत्या भांड्यावर) आठ-दहा पक्षी, आणि सगळ्या माद्याच वाटतात. नर गेले कुठे?
- गळा एका फोटोत काळा, दुसऱ्यात राखाडी, तिसऱ्यात एकदम लाल.
- सगळं रूप मादीचं, पण गळ्याच्या मधोमध लाल डाग.
- कपाळ किंवा हनुवटी पिवळीधमक. असा पक्षी पुस्तकात नाहीच.
- कुशीला आणि शेपटीच्या बुडाशी तांबूस रंग.
- हमिंगबर्डचं इवलंसं पिल्लू, जेमतेम अंगठ्याएवढं, तिन्हीसांजेला फुलांवर.
- पक्षी ओळखणाऱ्या ॲपने काल एक नाव सांगितलं, आज दुसरं. पक्षी तोच.

आधी हे बघा: पक्षीच आहे ना?

हसू नका, दर उन्हाळ्यात निदान एक "पिल्लू" पतंग निघतं. स्फिंक्स जातीचे पतंग हमिंगबर्डसारखेच फुलासमोर हवेत स्थिर राहतात आणि लांब सोंड आत घालून मध पितात. फोटो मोठा करून डोक्यावर दोन मिशा दिसतात का, आणि अंगाखाली सहा पाय दिसतात का, एवढंच बघा. दिसले तर विषय संपला.

हा तपास पहिला घ्यायचं कारण असं, की हमिंगबर्डचं पिल्लू घरट्याबाहेर पडतं तेव्हा जवळजवळ आईएवढंच असतं. फुलावर उडणारं अंगठ्याएवढं पिल्लू अशी चीजच नसते. चोच मात्र सुरुवातीला आखूड असते, ती पुढच्या काही आठवड्यांत वाढते. आखूड चोच दिसली म्हणून लगेच दुसऱ्या जातीचं नाव घेऊ नका.

याच्याच उलट घोटाळा पुण्या-मुंबईहून आलेले आईवडील करतात: "हा आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीवर रोज येतो की!" तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही. शिंजीर शक्यतो फांदीला धरून बसून मध पितो, हवेत तरंगणं त्याला थोडाच वेळ जमतं. दिसायला सारखे, पण नातं काही नाही.

पत्ता आणि तारीख

निम्म्या प्रश्नांचं उत्तर इथेच मिळतं, तरी फोटोसोबत हे दोन्ही कुणी लिहीत नाही. ॲपची नावं बदलतात त्याचंही एक कारण हेच असतं: लोकेशन बंद असतं किंवा जुन्या फोटोला चुकीची तारीख लागलेली असते.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला राहत असाल तर काम सोपं. तिथे नियमित घरटी करणारी जात एकच, रूबी-थ्रोटेड. मे ते सप्टेंबर न्यू जर्सीत फीडरवर कोऱ्या गळ्याचा पक्षी आला, तर जातीवर डोकं खपवू नका. मादी की पिल्लू एवढंच ठरवा. आणि "नर गेले कुठे" याचं उत्तरही कॅलेंडरातच आहे. प्रौढ नर ऑगस्टच्या सुरुवातीपासूनच दक्षिणेकडे निघतात, माद्या आणि पिल्लं मागून जातात. सप्टेंबरात फीडरवर जी माद्यांची झुंबड वाटते, तिच्यात त्या वर्षीचे कितीतरी तरुण नर असतात.

पूर्वेकडची एक तारीख मात्र लक्षात ठेवा. नोव्हेंबर अर्धा सरल्यावर आलेला पक्षी हा मागे राहिलेला रूबी-थ्रोटेड असेल असं गृहीत धरू नका. तो पश्चिमेकडून भरकटलेला, बहुतेक वेळा रूफस जातीचा, असण्याची शक्यता मोठी असते. फीडर काढून ठेवू नका. "फीडर ठेवला तर पक्षी स्थलांतर करायचा विसरतो" ही ऐकीव गोष्ट आहे. त्याला निघायची सूचना दिवसाच्या लांबीवरून मिळते, साखरपाण्यावरून नाही.

ऑस्टिनवाल्यांचं दुखणं वेगळं. टेक्सासच्या त्या भागात ब्लॅक-चिन्ड घरटी करतो आणि शरद ऋतूत रूबी-थ्रोटेडचे थवे त्याच वाटेने खाली येतात. या दोन जातींच्या माद्या एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की तारखेने काही सुटत नाही. त्यांच्यासाठी पंखाचा तपास खाली आहे.

आमच्याकडे, बे एरियात, ॲनाज ही जात बाराही महिने. ॲलन्स या दुसऱ्या जातीचे नर जानेवारी-फेब्रुवारीपासून किनाऱ्यावर येतात आणि ऑगस्टपर्यंत बहुतेक पक्षी निघून जातात. रूफस वसंतात उत्तरेकडे जाताना इथून जातो. परतताना जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा मोठा ओघ डोंगरांच्या बाजूने असतो, पण थोडे इकडेही दिसतात. डिसेंबरात सॅन होजेच्या बाल्कनीत आलेला कोऱ्या गळ्याचा पक्षी जवळपास नक्की ॲनाजच. सिएटललाही हिवाळ्यात हेच उत्तर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲनाजची घरटी दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतलं बाहा कॅलिफोर्निया एवढ्यातच होती. लोकांनी लावलेली बाहेरची झाडं आणि फीडर यांच्या जोरावर तो कॅनडापर्यंत पोचला. लॉस एंजलिसवाल्यांनी मात्र ॲलन्सला तारखेवरून बाद करू नये. तिथे ॲलन्सची एक उपजात वर्षभर राहते.

घरटं दिसतंय का?

दिसत असेल तर नर-मादीचा निकाल लागला. हमिंगबर्डचा नर घरटं बांधत नाही, अंडी उबवत नाही, पिल्लांना भरवत नाही. घरट्यात बसलेला, चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन जाणारा, पिल्लाच्या घशात चोच खुपसणारा पक्षी ही मादीच.

घरटं लांबूनच बघा. फोटोसाठी फांदी वाकवू नका.

उजेड आणि पराग

गळ्याचा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या आतल्या सूक्ष्म थरांवरून उजेड परावर्तित होऊन तो दिसतो, म्हणून ठरावीक कोनातूनच दिसतो. मान जराशी वळली की तोच लाल गळा कोळशासारखा काळा. त्यामुळे "काळा गळा" म्हणजे ब्लॅक-चिन्ड असं एका फोटोवरून ठरवणं म्हणजे हमखास चूक. फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि पक्षी मान वळवतो तो क्षण शोधा. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. खिडकीच्या आतून, आकाशाकडे तोंड करून काढलेल्या फोटोवर मी मत देत नाही.

पिवळं कपाळ, केशरी हनुवटी हे जवळजवळ नेहमी पराग असतात. सेजसारख्या फुलात डोकं घातलं की परागकण कपाळाला माखतात. खात्री करायची तर तासाभराने पुन्हा बघा. आंघोळ करून आला की कपाळ पुन्हा हिरवं.

थंडीच्या सकाळी पक्षी पिसं फुलवून बसतो आणि दीडपट जाडा दिसतो. तेव्हा आकारावरून नाव घेऊ नका.

पोट आणि कूस: तीन ढीग करा

आता पहिल्यांदा पक्ष्याच्या अंगाकडे बघायचं, आणि तेही मानेखाली. पंखाखालची कूस दिसेल असा बाजूचा फोटो लागतो.

मळकट राखाडी पोट, कुशीवर हिरवट डाग, एकंदर अंग भरलेलं, चोच सरळ आणि जरा आखूड: ॲनाजच्या ढिगात टाका. स्वच्छ, फिकट पोट, कुशीला फार तर हलकी पिवळसर झाक, अंग सडपातळ: रूबी-थ्रोटेड किंवा ब्लॅक-चिन्ड. कुशीला स्पष्ट तांबूस रंग: रूफस, ॲलन्स आणि त्यांची भावंडं. डेन्व्हरकडे या तिसऱ्या ढिगात ब्रॉड-टेल्डही येतो, आणि शेपटी इतकी आखूड असेल की बसल्यावर पंखांची टोकं तिच्या पुढे जातात, तर कॅलिओपी या जातीचा विचार करा.

ढीग आधी, जात मागाहून, याचं कारण आहे. चुकीच्या ढिगातली दोन नावं कितीही बारकाईने ताडून पाहिली तरी उत्तर चुकणारच.

गळ्याच्या मधोमध लाल डाग

इथे पूर्वेचा नियम पश्चिमेला लावून लोक फसतात. रूबी-थ्रोटेडच्या मादीचा गळा साधारण पांढरा असतो, कधी त्यावर फिकट रेघा. तिथे शरदात गळ्यावर गर्द ठिपक्यांच्या रांगा आणि त्यात एक-दोन लाल पिसं दिसली, तर तो तरुण नर म्हणायला हरकत नाही. ॲनाजचं तसं नाही. प्रौढ मादीच्याच गळ्याच्या मध्यावर लाल डाग असतो, रूफस आणि ॲलन्सच्या माद्यांच्या गळ्यावरही बऱ्याचदा असे मोजके झगमगते ठिपके असतात. न्यू जर्सीचा भाऊ आणि सनीव्हेलची बहीण सारखाच फोटो पाठवतात, आणि एकाला "नर" तर दुसरीला "मादी" असं उत्तर जातं. दोन्ही बरोबर असतात.

शेपटी

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तुमचाही जावा.

फीडरसमोर तरंगणारा पक्षी मागे सरकताना ब्रेक लावल्यासारखी शेपटी पंख्यागत उघडतो. तेवढ्यासाठी कॅमेऱ्याच्या बर्स्टवर (सलग फोटो काढणाऱ्या मोडवर) बोट दाबून ठेवा. दुसरी संधी तो बसलेला असताना मिळते. फीडरची राखण करणारा पक्षी पुन्हा पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो. आसपास तशी काटकी नसेल तर कुंडीत एक वाळकी डहाळी खोचून ठेवा. बसल्यावर थोड्या वेळाने तो एका बाजूचा पंख खाली ताणतो, त्या बाजूची शेपटी अर्धी उघडते, आणि बाहेरची तीन पिसं एकाखाली एक सुटी दिसतात. फोटो नेमका तेव्हा काढा.

आता ती पिसं टोकाकडून बुडाकडे वाचा. टोक पांढरं असेल तर मादी किंवा त्या वर्षीचं पिल्लू. अशी पांढरी टोकं तरुण नरालाही असतात, त्यामुळे पांढरं टोक म्हणजे मादी हे समीकरण चालत नाही. टोकाला पांढरं अजिबात नसेल, तर गळा उजेडाअभावी काळा दिसणारा प्रौढ नर तुमच्यासमोर असण्याची दाट शक्यता आहे. पांढऱ्याच्या वर काळा पट्टा येतो, तो या सगळ्यांत असतो. खरा निकाल त्याच्याही वर, बुडाशी. तिथे हिरवट-राखाडी असेल तर ॲनाज किंवा रूबी-थ्रोटेड-ब्लॅक-चिन्ड जोडी. तांबूस असेल तर तिसरा ढीग पक्का. कुशीचा तांबूस रंग सावलीत फसवू शकतो, शेपटीच्या बुडाचा सहसा फसवत नाही.

आवाज आणि शेपटीची हालचाल

उडताना धातूची तार झंकारावी तसा बारीक किणकिणाट येत असेल, तर तो गळ्यातून नाही, पंखांतून येतो. ब्रॉड-टेल्ड, रूफस आणि ॲलन्स यांच्या प्रौढ नरांची पंखाच्या टोकाची पिसं निमुळती असतात, त्यातून वारा गेला की हा आवाज होतो. माद्यांच्या आणि पिल्लांच्या पंखांतून तो येत नाही. म्हणजे कानांनीच नर ठरला.

तरंगताना ब्लॅक-चिन्ड शेपटी सतत वरखाली हलवत राहतो. रूबी-थ्रोटेड ती बहुधा स्थिर धरतो. ऑस्टिनवाल्यांनी याची नोंद जरूर घ्यावी, पण एवढ्यावर निकाल देऊ नये. वाऱ्यात सगळेच शेपटी हलवतात.

पिल्लू की प्रौढ मादी?

पाठ आणि डोक्यावरचा भाग मोठा करून बघा. नव्या पिल्लाच्या प्रत्येक हिरव्या पिसाला फिकट बदामी किनार असते, त्यामुळे पाठ खवलेदार दिसते. ऑगस्टमधली प्रौढ मादी याच्या उलट: पिसं झिजलेली, किनार नाही, हिरवा रंग जरा विटका. ही खूण ताज्या पिसांचीच. किनार झिजली की गेली.

दुसरी खूण चोचीवर असते. पिल्लाच्या वरच्या चोचीवर बारीक आडव्या-तिरप्या चरा असतात, त्या पुढे काही महिन्यांत बुजतात. अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे लोक ती भिंगातून बघतात. तुमच्या फोटोत ती दिसेल अशी आशा धरू नका.

पंखाचं टोक: ब्लॅक-चिन्ड की रूबी-थ्रोटेड

यासाठी चांगली लेन्स, बसलेला पक्षी आणि पंखाचं टोक मोकळं दिसणारा कोन, तिन्ही एकदम जमावे लागतात. पंखाचं सगळ्यात बाहेरचं लांब पीस बघा. ब्लॅक-चिन्डचं ते रुंद, टोकाला बोथट आणि वळलेलं असतं. रूबी-थ्रोटेडचं अरुंद, सरळसर आणि निमुळतं होत गेलेलं. शेजारी दोन्ही फोटो ठेवले की फरक कळतो, एकटाच फोटो असेल तर मन हवं ते बघतं. पिसं झडून नवी येत असतील तर हा तपास सोडून द्या, अर्धवट वाढलेल्या पिसाच्या आकाराला अर्थ नसतो.

इथे थांबा

रूफस की ॲलन्स, मादी किंवा पिल्लू. इथे मी थांबतो, तुम्हीही थांबा. या दोघांतला फरक शेपटीच्या पिसांच्या रुंदीत आणि आकारात आहे, तोही मिलिमीटरच्या अंशांचा. शिवाय पक्ष्याचं वय आणि लिंग आधी नक्की झाल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही, कारण एका जातीच्या मादीचं माप दुसऱ्या जातीच्या पिल्लाशी जुळतं. फीडरवरच्या फोटोतून कुणी ठामपणे "ॲलन्सचीच मादी" म्हणाला, तर त्याला किनारा आणि तारीख यांचाच आधार असतो. पिसाचं माप त्याने घेतलेलं नसतं.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यासाठीच "रूफस/ॲलन्स" आणि "रूबी-थ्रोटेड/ब्लॅक-चिन्ड" असे जोडीचे पर्याय दिलेले आहेत. ते वापरण्यात कमीपणा नाही. चुकीचं नेमकं नाव नोंदलं तर पुढच्या माणसाचा नकाशाच चुकतो. ता. क.: नावं पाठ करण्यात फार शक्ती घालवू नका. ॲनाज आणि ॲलन्स ही माणसांवरून पडलेली नावं आहेत, आणि अशी इंग्रजी नावं बदलणार असल्याचं अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ मध्ये जाहीर केलंय. शेपटी आहे तीच राहील.

जाणकाराला कधी बोलवायचं

पूर्वेच्या राज्यात नोव्हेंबर-डिसेंबरात हमिंगबर्ड आला, तर राज्याच्या पक्षीमित्र संस्थेला किंवा ऑडुबॉन या पक्षीसंस्थेच्या जवळच्या शाखेला लगेच कळवा. हमिंगबर्डना कडी घालण्याची खास परवानगी असलेली माणसं घरी येऊन पक्षी पकडतात, मापं घेतात, पायात कडी घालून सोडून देतात. त्यातून काय हाती लागतं याचा एक नमुना: जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीत कडी घातलेला एक रूफस त्याच वर्षी जूनमध्ये अलास्कात, चेनेगा बे इथे पुन्हा सापडला. अंतर साडेतीन हजार मैलांच्या वर, म्हणजे सुमारे ५,६०० किलोमीटर.

स्वतः पकडायला जाऊ नका, चांगला फोटो मिळावा म्हणूनही नाही. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली परवान्याशिवाय पक्षी पकडणं, घरटं काढणं, अगदी पडलेलं पीस घरात ठेवणं हेही बेकायदा आहे. पक्षी जखमी असेल, जीभ सुजून बाहेर राहिली असेल किंवा तो जमिनीवर पडून असेल, तर जात ओळखण्याचा नाद सोडा आणि परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. गारठलेल्या पहाटे फीडरला उलटा लटकलेला पक्षी मात्र बहुतेक वेळा मेलेला नसतो. हमिंगबर्ड रात्री शरीराचं तापमान उतरवून सुस्त पडतात. ऊन लागू द्या, हात लावू नका.

आणि मला किंवा आणखी कुणाला फोटो पाठवणार असाल तर एवढं पाठवा: गाव, तारीख, बाजूने दिसणारी कूस, उघडलेली शेपटी, बसलेल्या पक्ष्याच्या पंखाचं टोक. फिल्टर लावू नका, रंग वाढवू नका, व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि शेपटीच्या बुडाचा रंगच जातो.